दोन्ही पंप एकदम बंद पडण्याची शक्यता: गुणाकार कधी करायचा?

मृणाल_आनंदनगर

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघालेला एक हिशोब डोक्यातून जात नाहीये. इथे गणितातली जाणकार मंडळी बरीच आहेत, म्हणून विचारते.

आमची सोसायटी सिंहगड रोडला आहे. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाक्यांत पाणी चढवायला दोन पंप आहेत. अ आणि ब म्हणू. एक जरी चालू असला तरी सगळ्यांना पाणी पुरतं. वॉचमनकाकांच्या रजिस्टरवरून दिसतं की प्रत्येक पंप साधारण वीस दिवसांतून एक दिवस बंद असतो. तिसरा पंप घ्यायचा विषय निघाला, तेव्हा कमिटीतल्या एका सदस्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं: अ बंद असण्याची शक्यता १/२०, ब ची १/२०, दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची १/२० × १/२० = १/४००. म्हणजे वर्षातून जेमतेम एक दिवस. तेवढ्यासाठी तिसऱ्या पंपाचा खर्च कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

पण दोन्ही पंप बंद म्हणून टँकर मागवायची वेळ आमच्यावर महिन्या-दीड महिन्यातून येतेच. मग चुकतंय काय, हिशोब की रजिस्टर?

दुसरा प्रश्न माझ्या लेकीचा. ती दहावीला आहे, गणित भाग १ मधला संभाव्यतेचा धडा नुकताच झालाय. तिचं म्हणणं, गणित वाचून गुणाकार करायचा की बेरीज, हेच कळत नाही. मलाही नीट सांगता आलं तर बरं होईल.

द्विपद

मृणालताई, रजिस्टरवर विश्वास ठेवा. फळ्यावरचा गुणाकारही गुणाकार म्हणून बरोबरच आहे. पण तो करायला एक अट लागते, आणि ती तुमच्या पंपांना लागू पडते का हे मीटिंगमध्ये कुणी विचारलेलं दिसत नाही. आधी ती अट लागू आहे असं धरून पूर्ण चित्र मांडतो, म्हणजे लेकीचा प्रश्नही सुटेल.

४०० दिवस घ्या. त्यांतले २० दिवस अ बंद, ३८० दिवस चालू. अ बंद असण्याचा ब वर काहीही परिणाम होत नसेल, तर त्या २० दिवसांतही ब आपल्या नेहमीच्याच प्रमाणात, विसात एक, बंद राहील. २० चा विसावा भाग १ दिवस. उरलेल्या ३८० दिवसांचा विसावा भाग १९ दिवस, तेव्हा अ चालू आणि ब बंद. तसेच १९ दिवस अ बंद आणि ब चालू. बाकीचे ३६१ दिवस दोन्ही चालू.

१ + १९ + १९ + ३६१ = ४००. एकही दिवस सुटला नाही, एकही दोनदा मोजला नाही.

आता लेकीला यातच दाखवा. ‘दोन्ही बंद’ म्हणजे अ बंद असलेल्या दिवसांतला ब बंद असलेला भाग. भागाचा भाग काढायचा म्हणजे गुणाकार, म्हणून १/४००. ‘निदान एक बंद’ यात तीन गट एकत्र येतात, १ + १९ + १९ = ३९, म्हणजे ३९/४००. इथे मुलं १/२० + १/२० करून ४०/४०० लिहितात. दोन्ही बंद असलेला तो एक दिवस अ च्या खात्यात मोजला जातो आणि ब च्याही, म्हणून एकदा वजा करावा लागतो. नुसती बेरीज तेव्हाच चालते जेव्हा दोन्ही गोष्टी एकदम घडूच शकत नाहीत. एका फाशावर एकदम २ आणि ५ पडत नाहीत, म्हणून ‘२ किंवा ५’ ची शक्यता १/६ + १/६.

माझा सल्ला असा की सूत्र पाठ करण्याआधी तिला दहा-बारा गणितं अशी दिवस मोजून किंवा फासे मांडून करू द्या. सूत्र आपोआप बसतं.

आता अट. ‘अ बंद असण्याचा ब वर काहीही परिणाम होत नाही’ हे वाक्य मी वर सहज लिहून गेलो. सगळा १/४०० त्या एका वाक्यावर उभा आहे. तुमचे दोन पंप एका पॅनलवर आहेत की वेगळ्या?

हेमंत_वडगाव

मी पण एका सोसायटीचा खजिनदार आहे आणि आम्ही असेच हिशोब करतो, म्हणून विचारतो. दोन पंप म्हणजे दोन वेगळी यंत्रं. बहुतेक वेगवेगळ्या वर्षी घेतलेली, वाइंडिंग वेगळं, बेअरिंग वेगळं. अ चं बेअरिंग गेलं हे ब ला कळायचा काही मार्ग नाही. मग त्यांना स्वतंत्र का मानू नये? प्रत्येक ठिकाणी ‘काहीतरी संबंध असेल’ म्हणायला लागलो तर कुठलाच हिशोब करता येणार नाही.

मृणाल_आनंदनगर

@द्विपद, पॅनल एकच आहे. जिन्याखाली लोखंडी कपाट आहे, त्यात दोन्हीचे स्टार्टर. एवढंच मला माहीत आहे.

वायरमन_धायरी

ताई, या भागातल्या बऱ्याच सोसायट्यांचे पंप मी बघतो, म्हणून सांगतो. हेमंतदादा म्हणतात ते बेअरिंग आणि वाइंडिंगपुरतं शंभर टक्के खरं. अ ची मोटर जळली म्हणून ब ची जळत नाही. पण रजिस्टरमध्ये ‘पंप बंद’ लिहिलंय ते काय फक्त मोटर जळाली म्हणून? बघा, दोन्ही पंप कशाकशाने एकदम थांबतात.

लाइट गेली की दोन्ही थांबले. तीनपैकी एक फेज गेला तर मोटर उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढते, तापते, म्हणून पॅनलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो. तो ट्रिप झाला की दोन्ही पंप गेले. व्होल्टेज फार खाली आलं, तेच. मग खालच्या टाकीतला फ्लोट. नळाला पाणी कमी आलं, टाकी खाली गेली, की पंप कोरडा चालू नये म्हणून तो फ्लोट सप्लाय तोडतो. तुमच्याकडे फ्लोट एकच असेल तर तो दोन्ही पंपांना तोडतो. आणि तो फ्लोटच अडकला, केबलमध्ये पाणी गेलं, तर टाकी भरलेली असूनही दोन्ही बंद. पावसाळ्यात जिन्याखालच्या पॅनलमध्ये ओल येते, काँटॅक्टर चिकटतात, तिथेही एका कपाटातली ओल दोन्ही पंपांना बाधते.

वॉचमन या सगळ्याला रजिस्टरमध्ये एकच शब्द लिहितो, ‘बंद’. त्यामुळे वीस दिवसांतून एक दिवस हा आकडा बेअरिंगचा की फ्लोटचा, ते रजिस्टर सांगत नाही.

द्विपद

वायरमनदादांनी जे लिहिलंय तेच आकड्यांत मांडतो. हेमंतजी, संबंध आहे असं म्हटल्यावर हिशोब थांबत नाही, फक्त एक पायरी वाढते.

समजा पंप बंद असण्याची कारणं दोन प्रकारची. एक सामायिक: लाइट, फेज, फ्लोट, पॅनल. हे घडलं की दोन्ही एकदम बंद. याची शक्यता ४० दिवसांतून एक दिवस, म्हणजे १/४० धरू. दुसरं प्रत्येक पंपाचं स्वतःचं: बेअरिंग, सील, वाइंडिंग. याची शक्यता किती धरायची? एकूण बंद राहण्याचं प्रमाण १/२० च राहिलं पाहिजे, कारण ते रजिस्टरमधून आलंय. पंप चालू असायला सामायिक बिघाड नको (३९/४०) आणि स्वतःचाही नको. या दोहोंचा गुणाकार १९/२० यायला हवा, म्हणून स्वतःचा बिघाड नसण्याची शक्यता ३८/३९ आणि असण्याची १/३९.

आता दोन्ही एकदम बंद कधी? एक तर सामायिक बिघाड झाला: १/४०. किंवा तो झाला नाही, पण दोघांचे स्वतःचे बिघाड नेमके एकाच दिवशी आले: ३९/४० × १/३९ × १/३९ = १/१५६०. या दोन वाटा एकदम घडू शकत नाहीत, म्हणून इथे सरळ बेरीज:

१/४० + १/१५६० = ३९/१५६० + १/१५६० = ४०/१५६० = १/३९.

म्हणजे दर ३९ दिवसांतून एकदा दोन्ही बंद. वर्षाला ९ च्या वर. मृणालताईंचं ‘महिन्या-दीड महिन्यातून’ नेमकं इथे बसतं. १/४० हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय, खरा रजिस्टरमधून काढावा लागेल. तरी दहापट फरक कुठून येतो ते यातून दिसावं. प्रत्येक पंप दोन्ही हिशोबांत वीस दिवसांतून एकच दिवस बंद आहे. एकेका पंपाचं प्रमाण कितीही काटेकोर मोजलं तरी ‘दोन्ही’ बद्दल ते काही सांगत नाही.

आणि हेमंतजी, गुणाकार मी सोडला नाहीये. वरच्या ओळीत १/३९ × १/३९ आहेच. बेअरिंगबद्दल तुम्ही जे म्हणालात, त्याच्याच जोरावर तो केलाय.

सई_बारावी

नमस्कार सर, मी बारावी सायन्सला आहे. एक शंका. आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना वाटतं की एकदम घडू न शकणाऱ्या घटना म्हणजेच स्वतंत्र घटना. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही म्हणून. हे चूक आहे हे माहितेय पण पटवून देता येत नाही.

आणि दुसरं, एमएचटी-सीईटीला चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. शेवटी वेळ संपत आली आणि दहा प्रश्न उरले, सगळे न वाचता एक एक पर्याय ठोकला, तर निदान एक बरोबर यायची शक्यता किती? मी १/४ दहा वेळा मिळवलं तर अडीच येतं, शक्यता एकपेक्षा जास्त कशी असेल?

अंशछेद

सई, मी वीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवतेय आणि तुझ्या दोन्ही शंका दर वर्षी येतात. चांगल्या शंका आहेत.

पहिली. तपासायचं एकच: एक घटना घडली हे कळल्यावर दुसरीबद्दलचा तुझा अंदाज बदलतो का? बदलत नसेल तर स्वतंत्र. एकदम घडूच न शकणाऱ्या घटनांत तर एक घडली हे कळताच दुसरी बाद होते. अंदाज थेट शून्यावर येतो. याहून जास्त अवलंबून असणं शक्य नाही.

आता एक गणित स्वतः करून बघ, कारण इथे मनाचा कौल चुकतो. दोन फासे, एक लाल, एक पांढरा. ‘बेरीज ७’ आणि ‘लाल फाशावर ६’. बेरीज ७ येते सहा प्रकारे, म्हणून शक्यता ६/३६ = १/६. लाल ६ ची शक्यता १/६. दोन्ही एकदम फक्त (६, १) ला, म्हणजे १/३६. गुणाकार तंतोतंत जुळला, घटना स्वतंत्र. आता ७ ऐवजी ‘बेरीज ८’ घे. ती येते पाच प्रकारे, ५/३६. दोन्ही एकदम (६, २) ला, १/३६. पण गुणाकार ५/२१६, आणि १/३६ म्हणजे ६/२१६. जुळलं नाही. लाल फाशावर काहीही पडलं तरी पांढऱ्याने ७ पुरे करता येतात. लालवर १ पडला तर ८ मात्र होऊच शकत नाहीत. म्हणून ८ ला लाल फाशाची खबर कामाची आहे, ७ ला नाही. मला हे उदाहरण फार आवडतं. दोन घटनांत लाल फासा सामायिक आहे, तरी एक जोडी स्वतंत्र निघते. संबंध ‘दिसतो’ की नाही यावर ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं.

दुसरी शंका. अडीच ही शक्यता नव्हे. दहांत सरासरी किती बरोबर येतील, ती संख्या अडीच. ‘निदान एक’ काढायला उलट्या बाजूने जा. एकही बरोबर न येणं म्हणजे दहाच्या दहा चुकणं. चार पर्यायांत चुकण्याची शक्यता ३/४, प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणून (३/४) चा दहावा घात, सुमारे ०.०५६. एकातून वजा केलंस की ०.९४४. म्हणजे निदान एक बरोबर येण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या वर. आणि सगळे दहा बरोबर? (१/४) चा दहावा घात, १०,४८,५७६ त एक. तेव्हा रिकामं काही सोडू नकोस, पण त्यावर विसंबूही नकोस.

याच चुकीवर संभाव्यतेच्या शास्त्राची सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही. फ्रान्समधला शेव्हालिए द मेरे हा जुगारातले प्रश्न घेऊन पास्कालकडे गेला आणि १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन गणितज्ञांचा त्यावर पत्रव्यवहार झाला. एक फासा ४ वेळा टाकून निदान एक ६ येईल, ही पैज फायद्याची: १ − (५/६)⁴ = ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही ६ येतील, हीसुद्धा फायद्याचीच असायला हवी, कारण ४ ला ६ तसे २४ ला ३६. पण १ − (३५/३६)²⁴ येतं सुमारे ४९.१ टक्के. पैज तोट्याची. २५ वेळा टाकले तर मात्र ५०.६ टक्के. प्रमाणाने शक्यता वाढत नाही, दर वेळी ‘न घडण्याला’ ३५/३६ ने गुणलं जातं.

सई_बारावी

खूप धन्यवाद मॅडम! ७ आणि ८ चं आत्ताच वहीत करून बघितलं. अजून एकच. उत्तरं ठोकताना सलग चार ‘ब’ आले की पुढचं ‘ब’ नसणार असं वाटतं. ते पण चूक ना?

अंशछेद

पेपरमधल्या उत्तरांचा क्रम यदृच्छ असेल तर हो. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर पडली. आता लाल येणारच, म्हणत लोक पैसे लावत गेले आणि हरत गेले. सुरुवातीला उभं राहून विचारलं तर सलग २६ काळ्यांची शक्यता (चाकावर ३७ घरं, त्यांतली १८ काळी) (१८/३७) चा २६ वा घात, म्हणजे १३ कोटींहून जास्त खेळांत एक. पण २५ काळे पडून गेल्यावर पुढचा काळा येण्याची शक्यता तीच, १८/३७. घडून गेलं ते गुणाकारात पुन्हा धरायचं नसतं.

नदीकाठ

सगळ्यांचं वाचतोय. पुण्यात राहून या विषयावर बोलताना १२ जुलै १९६१ आठवल्याशिवाय राहत नाही. आमचं घर नारायण पेठेत होतं. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, एका दिवशी. लहानपणी मला वाटायचं, दोन धरणं एकाच दिवशी फुटावीत हा केवढा दुर्दैवी योगायोग. पुढे सिव्हिलला गेल्यावर नकाशा नीट पाहिला. पानशेत आंबी नदीवर, आणि तिचं पाणी पुढे मुठेतून खडकवासल्यात येतं. वरचं मातीचं धरण, बांधकाम अजून पुरतं झालेलं नाही, पहिलाच भरण्याचा पावसाळा. ते फुटल्यावर तो सगळा लोंढा खालच्या, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासल्यावर आला. वरचं फुटल्यानंतर खालचं टिकण्याची आशाच फार थोडी उरली होती.

‘एक धरण फुटण्याची शक्यता इतकी, म्हणून दोन फुटण्याची तिचा वर्ग’ असा हिशोब इथे कुणी केला असता तर तो किती पोकळ ठरला असता. अशा ठिकाणी गुणाकारच करायचा, पण दुसरी संख्या वेगळी: पानशेत फुटण्याची शक्यता, गुणिले *पानशेत फुटलेलं असताना* खडकवासला फुटण्याची शक्यता. ती दुसरी संख्या जवळजवळ एक होती.

आजही पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं शेजारच्या खोऱ्यांत आहेत. एकाच्या पाणलोटात धुवाधार पाऊस असेल तेव्हा दुसऱ्यातही असतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि त्याच दिवशी नदीकाठचे रस्तेही बंद होतात. या गोष्टी वेगवेगळ्या मोजून गुणता येत नाहीत.

हेमंत_वडगाव

नदीकाठ काका, ‘पानशेत फुटलेलं असताना’ ही पायरी आता स्पष्ट झाली. मग असा प्रश्न येतो, संबंध असला की खरी शक्यता नेहमी गुणाकारापेक्षा जास्तच निघते का?

जनुक

@हेमंत_वडगाव, नाही. आणि याचं सुंदर उदाहरण पुण्यातच घडलेलं आहे.

गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी होण्याची शक्यता *कमी* होते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये जनुकांमधलं अंतर मोजण्याचं सूत्र दिलं, त्यात अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या होत्या. दा. ध. कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते तेव्हा, १९४४ मध्ये, त्यांनी हा एकमेकींना होणारा अडथळा हिशोबात धरणारं सूत्र मांडलं. जनुकांचे नकाशे करणारे लोक ते आजही ‘कोसंबी फंक्शन’ म्हणून वापरतात. मी स्वतः कामात रोज वापरते. इतिहासकार म्हणून कोसंबी सगळ्यांना माहीत असतात, हे मात्र फार थोड्यांना.

आकड्यांत: एका ओळीत अ, ब, क ही तीन जनुकं. अ-ब मध्ये अदलाबदलीचं प्रमाण १० टक्के, ब-क मध्ये २० टक्के. स्वतंत्र धरलं तर दोन्हीकडे एकदम अदलाबदल ०.१ × ०.२ = २ टक्के. कोसंबींच्या सूत्राने अ-क मधलं प्रमाण (०.१ + ०.२) ÷ (१ + ४ × ०.१ × ०.२) = ०.३ ÷ १.०८ = ०.२७८. दोन्हीकडे एकदम झाली की अ-क मध्ये ती दिसत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम होण्याचं प्रमाण (०.३ − ०.२७८) ÷ २, सुमारे १.१ टक्के निघतं. म्हणजे गुणाकाराच्या निम्म्याच्या आसपास. संबंध कुठल्या दिशेचा आहे हे त्या विषयातूनच कळतं, सूत्रातून नाही.

विधिज्ञ_कर्वेनगर

मी वकिली करते. गणिताचा अधिकार माझा नाही, पण हा विषय कोर्टात काय करू शकतो ते सांगायलाच हवं.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या बाईंची दोन तान्ही मुलं, एक १९९६ मध्ये, दुसरं १९९८ मध्ये, अचानक गेली. आईवर खुनाचा खटला झाला. सरकारी बाजूचे तज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली की अशा कुटुंबात बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ त एक, म्हणून दोन बाळांची ८,५४३ × ८,५४३, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये सॅली क्लार्क यांना जन्मठेप झाली.

दोन्ही बाळं एकाच आईबापांची, एकाच घरातली. अनुवंशिक कारण असेल, घरातलं काही कारण असेल, तर पहिलं बाळ गेल्यावर दुसऱ्याचा धोका वाढलेलाच असणार. एकाच पॅनलवरच्या दोन पंपांचा हिशोब आणि हा हिशोब एकच आहे, फक्त इथे एका आईचं आयुष्य पणाला होतं. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नाही असं सांगितलं. दुसरी चूकही तेवढीच गंभीर. ‘दोन नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ’ यावरून ‘ती निर्दोष असणं दुर्मीळ’ असं निघत नाही, कारण आईने दोन बाळांचा खून करणंही दुर्मीळच असतं. तुलना त्या दोन दुर्मीळ गोष्टींची करावी लागते. २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. बचाव पक्षाला न दाखवलेले वैद्यकीय तपासणीचे अहवाल त्याला मुख्य कारण ठरले. तोवर त्या तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होत्या.

साक्षीत आकडा आला आणि त्यात गुणाकार असला, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न स्वतंत्रतेचा विचारायचा, हे मी माझ्या ज्युनियर्सना आवर्जून सांगते.

मृणाल_आनंदनगर

विधिज्ञताई, हे माहीत नव्हतं. वाचून सुन्न झाले.

द्विपद सर, वॉचमनकाकांबरोबर बसून रजिस्टर चाळलं. ज्या दिवशी अ बंद लिहिलंय, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त दिवशी ब पण बंद आहे. कारण कुठेच लिहिलेलं नाही, पण काकांना बरंच आठवत होतं. बहुतेक वेळा फ्लोट नाहीतर फेज.

आता मीटिंगमध्ये तिसऱ्या पंपाची मागणी पुन्हा लावून धरू का?

द्विपद

मृणालताई, तुम्ही जे काढलंत तेच काढायला हवं होतं. स्वतंत्र असते तर अ बंद असलेल्या दिवसांत ब विसात एकदाच बंद सापडला असता. मी धरलेल्या आकड्यांनी हे प्रमाण १/३९ ÷ १/२० = २०/३९ येतं, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. तुमचं रजिस्टर त्याच्या अगदी जवळ आहे.

तिसरा पंप त्याच पॅनलवर, त्याच फ्लोटवर बसवलात तर तिन्ही बंद असण्याची शक्यता १/४० + ३९/४० × (१/३९)³, म्हणजे ०.०२५०२. आत्ता आहे ०.०२५६४. वर्षाला ९.४ दिवसांवरून ९.१ दिवसांवर. पूर्ण पंपाचा खर्च करून जवळजवळ काहीच हाती येत नाही, कारण सामायिक बिघाडाला पंप दोन आहेत की तीन याने फरक पडत नाही.

आता पंप दोनच ठेवा, पण पॅनल आणि फ्लोट वेगळे करा. समजा त्याने सामायिक कारणं निम्मी झाली, १/८०, आणि वेगळे झालेले बिघाड प्रत्येकाच्या खात्यात गेले. प्रत्येक पंप तरीही वीस दिवसांतून एकदाच बंद, म्हणजे स्वतःच्या बिघाडाची शक्यता आता ३/७९. दोन्ही बंद: १/८० + ७९/८० × (३/७९)² = ११/७९०, सुमारे ७२ दिवसांतून एकदा. वर्षाला ५ च्या आसपास. एकही पंप सुधारला नाही, तरी टँकर जवळपास निम्म्यावर आले.

मीटिंगमध्ये हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

हेमंत_वडगाव

हा शेवटचा हिशोब मी आमच्या कमिटीपुढेही ठेवतोय. आमच्याकडे लिफ्ट दोन, आणि दोन्ही एकाच मीटरवर. वायरमनदादा, पॅनल वेगळं करायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं?

वायरमन_धायरी

लिफ्टचं काम लिफ्टवाल्यांकडूनच करून घ्या दादा, त्यात आम्ही हात घालत नाही. पंपाचं सांगतो.

प्रत्येक पंपाला वेगळा स्टार्टर, वेगळा एमसीबी, वेगळा सिंगल फेज प्रिव्हेंटर. फेज खरंच गेला तर दोन्ही थांबणार, ते थांबायलाच हवेत. पण एक प्रिव्हेंटर स्वतः खराब झाला तर दुसरा पंप चालू राहील. दुसरं कपाट जिन्याखाली नको, जिथे ओल येत नाही अशा भिंतीवर, जमिनीपासून वर. फ्लोट दोन, आणि दोघांच्या केबल वेगवेगळ्या पाइपमधून न्या. बरेच लोक फ्लोट दोन घेतात आणि केबल एकाच पाइपमधून ओढतात. उंदराने पाइपमध्ये शिरून कुरतडलं की दोन्ही फ्लोट एकदम जातात.

आणि ताई, रजिस्टरमध्ये ‘बंद’ च्या पुढे एक रकाना वाढवा: लाइट, फेज, फ्लोट, मोटर. वॉचमनने फक्त खूण करायची. पॅनलवर तीन फेजचे आर, वाय, बी असे तीन दिवे असतात, ते कुठले पेटलेत ते बघायला मी त्यांना येऊन दाखवून जाईन.